खोलता येणारं चाक

आपल्याकडे अलॉय व्हीलला टायरवाले सर्रास 'मॅगव्हील' म्हणतात. चाक अ‍ॅल्युमिनियमचं, नाव मात्र मॅग्नेशियमचं! दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या रेसच्या गाड्यांना मॅग्नेशियमची ओतीव चाकं बसायला लागली. ती हलकी होती, महाग होती आणि फार लवकर गंजायची. रस्त्यावरच्या गाड्यांपर्यंत येताना धातू बदलला, नाव तेवढं चिकटून राहिलं.

हलक्या चाकाचा हव्यास त्याहून जुना आहे. १९२४ साली लिआँच्या ग्रां प्रीमध्ये बुगाटीची 'टाइप ३५' उतरली, तेव्हाच तिला आठ चपट्या आऱ्यांची ओतीव अ‍ॅल्युमिनियमची चाकं होती. कारण साधं आहे. गाडीचं बाकीचं वजन स्प्रिंगांवर तोललेलं असतं, चाकाचं नसतं. चाक जड असेल तर खडबडीत रस्त्यावर ते उसळतं आणि टायरची पकड सुटते.

आपली खरी गोष्ट मात्र सुरू होते जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या शिल्टाख नावाच्या छोट्या गावात. हाइनरिश बाउमगार्टनर आणि क्लाउस ब्रांड या दोघांनी १९७० साली तिथे कंपनी काढली. दोन आडनावं आणि गाव यांची आद्याक्षरं जोडून नाव ठेवलं 'बीबीएस'. आधी गाड्यांचे प्लास्टिकचे भाग, मग १९७२च्या सुमारास रेससाठी तीन-पीस चाक. मधे ओतीव जाळी, पुढे एक रिम, मागे एक रिम आणि तिघांना आवळून धरणारी बोल्टांची गोल रांग. पुढची रिम ठोकर लागून वाकली? तेवढीच बदला. रुंद टायर हवा? रुंद रिम लावा, जाळी तीच.

हे चाक चाळीस वर्षं टिकावं असा कुणाचा हेतू नव्हता. रेसच्या धावपळीत काम सोपं व्हावं, एवढंच. १९८३ साली याच धाटणीचं 'आरएस' रस्त्यावरच्या गाड्यांसाठी आलं. सोनेरी जाळी, चकाकती कड. ते इतकं गाजलं की त्याच्या नकला आजही निघतात. मग एकसंध ओतीव चाकं स्वस्त झाली. त्यांना सांधा नसतो, म्हणून सांध्यातून हवा जायची भीतीही नसते. कारखान्याच्या हिशेबाने तीन-पीस चाक हा नसता खटाटोप ठरला.

पण एकसंध चाकाला तडा गेला की ते भंगारात जातं. हे खोलता येतं. म्हणून जगभरातले हौशी लोक आज आपापल्या गॅरेजमध्ये ही चाकं खोलून बसतात. टायर आधी उतरवायचा, हवा भरलेली असताना बोल्टला हात लावायचा नाही. स्टीलचे बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकत्र राहिले की गंजून एकमेकांना धरतात, त्यामुळे घाई केली की बोल्टचं डोकं तुटून हातात येतं. थोडी उष्णता, थोडं तेल, बराच धीर. मग सांध्यातलं जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं, कारण लोखंडी पातं ओरखडा पाडतं आणि तिथून पुढे हवा गळते. पिवळी पडलेली लॅकर काढायची. मग ३२०, ६००, १०००, २००० असा कागद बारीक करत न्यायचा आणि शेवटी पॉलिश. पितांबरीने तांब्या उजळणाऱ्या घरात हे समजावून सांगायला नको.

धोके खरे आहेत. अ‍ॅल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेऊ शकते. रेसची जुनी मॅग्नेशियमची जाळी असेल तर घरी ग्राइंडर लावूच नये; ती पेटली तर पाणी ओतल्याने आग भडकते. रंग पक्का करायला चाक जास्त तापवलं तर धातूची ताकद कमी होते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. बोल्ट नवेच घ्यावेत आणि टॉर्क पान्याने, ठरलेल्या मापाने, समोरासमोरचे आवळत जावेत.

वादही आहेत. कुणी मूळच्यापेक्षा रुंद रिमा लावतं. जर्मनीत त्यासाठी तपासणी करून वेगळी मान्यता घ्यावी लागते. कुणी आरशासारखी चमक आणायच्या नादात कड इतकी घासतं की मूळ घडणच पुसली जाते. मला विचाराल तर थोडे डाग राहिलेले बरे.

दरम्यान शिल्टाखच्या त्या कंपनीने २००७ पासून पुन्हा पुन्हा दिवाळखोरी पाहिली. चाकांचं मात्र अडलं नाही. रिमा आणि बोल्ट आता इतर लोकही बनवतात. ऐंशीच्या दशकातली जाळी, गेल्या वर्षीची रिम, परवाचे बोल्ट असं चाक आज रस्त्यावर धावताना दिसतं. त्याला जुनं म्हणायचं की नवं, यावर शौकिनांचं एकमत नाही.

शेवटची परीक्षा आपल्या पंक्चरवाल्याचीच. सांध्यावर नवं सिलिकॉन फिरवायचं, ते पूर्ण सुकू द्यायचं, टायर चढवून हवा भरायची आणि चाक पाण्याच्या टबात बुडवायचं. सांध्यातून बुडबुडे आले, की टायर परत खाली आणि सगळे बोल्ट पुन्हा पहिल्यापासून.