झिलईतील रंगदोष
मातीच्या भांड्यावरील झिलईचा रंग भाजणीनंतर अपेक्षेपेक्षा फिका, मळकट किंवा वेगळा उतरणे. महाराष्ट्रातील कुंभारांची पारंपरिक भांडी बहुधा बिनझिलईची असत; मुंबईच्या कला विद्यालयात जॉर्ज टेरी यांनी 1870 च्या दशकात रंगीत झिलईची भांडी करवून घेतली (पहा : सर ज. जी. कला विद्यालय).

कुंडलिका नदीकाठच्या जुना जालना परिसरातील बेसाल्टजन्य माती लोहयुक्त आहे (पहा : दख्खन ट्रॅप). अशी माती भाजल्यावर लालसर होते आणि पारदर्शक झिलईतून तिचा रंग वर येऊन झिलईचा निळा रंग काळपट दिसतो. पांढऱ्या मातीचे अस्तर दिल्यास हा दोष टळतो. तांब्याचा रंग सर्वांत लहरी : शिसेयुक्त झिलईत हिरवा, अल्कधर्मी झिलईत फिरोजी, तर ऑक्सिजन अपुरा पडलेल्या भट्टीत लाल. जास्त आचेत तांब्याची वाफ होऊन शेजारच्या भांड्यावरही डाग पडतात. क्रोमियमचा हिरवा रंग जस्तामुळे तपकिरी होतो. काठावर लेप ओघळून पातळ झाला की रंग विरळ दिसतो. दोष शोधताना त्याच मातीच्या चाचणी-तुकड्यांवर एका वेळी एकच घटक बदलतात.

रंगसुधारणेसाठी शिसेयुक्त झिलईत तांबे वाढवणे घातक ठरते : लोणच्यासारख्या आंबट पदार्थात शिसे अधिक उतरते (पहा : शिसे विषबाधा).