सुट्या ब्रेक-पॅडची निवड : घरगुती वाहनदुरुस्तीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

मोटारगाडीचा इतिहास बहुधा कारखान्याच्या बाजूने लिहिला गेला आहे. गाडी विकली गेल्यानंतर तिची देखभाल कोणी केली आणि झिजलेला भाग बदलताना नवा भाग कशाच्या आधारे निवडला, या प्रश्नांकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले. प्रस्तुत निबंधात ब्रिटन, युरोप व अमेरिका येथील ब्रेकच्या डिस्क व पॅड यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे. अंगणात स्वतः गाडी दुरुस्त करणाऱ्या मालकाला निवडीचे स्वातंत्र्य लवकर मिळाले; त्या निवडीस आवश्यक असलेले ज्ञान मात्र त्याच्यापर्यंत फार उशिरा आणि तुकड्यातुकड्याने पोहोचले, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्ये तिचे एकस्व घेतले. परंतु त्याचे पॅड तांब्याचे होते व धातूवर धातू घासून असह्य कर्कश आवाज होई. डर्बीशायरमधील हर्बर्ट फ्रूड याने १८९७ पासून घर्षणद्रव्यांवर प्रयोग चालविले होते. अ‍ॅस्बेस्टॉसचे अस्तर हा त्यावर उपाय ठरला. फ्रूडच्या आडनावातील अक्षरांची उलटापालट करून व त्यात एका स्वराची भर घालून ‘फेरोडो’ हे व्यापारी नाव सिद्ध झाले. घाटकोपरच्या ‘हिंदुस्थान फेरोडो’ कारखान्यामुळे मुंबईकरांनाही ते परिचित आहे. अ‍ॅस्बेस्टॉस उष्णता सहन करी, स्वस्त होते आणि आवाज करीत नसे. पुढील सुमारे आठ दशके ब्रेकचे अस्तर म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस, असे समीकरणच होऊन बसले.

डिस्क ब्रेकला प्रतिष्ठा लाभली ती १९५३ च्या ल माँ शर्यतीत. त्या वर्षी डनलॉपचे डिस्क ब्रेक बसविलेल्या जॅग्वारने ही शर्यत जिंकली. १९५५ मध्ये सित्रोएनने ‘डीएस’ या गाडीच्या पुढील चाकांना डिस्क दिल्या आणि पुढील दशकात त्या सामान्य गाड्यांवरही आल्या. या तांत्रिक बदलाचा एक सामाजिक परिणाम झाला व तो येथे महत्त्वाचा आहे. ड्रमच्या आतील स्प्रिंगा काढून शू बदलणे हे कटकटीचे काम होते. डिस्कचे पॅड मात्र पोलादी पाठीवर पक्के चिकटविलेले, एका अ‍ॅक्सलसाठी चारांच्या संचात मिळणारे; कॅलिपर सोडवावे, पिस्टन मागे दाबावे, पॅड बसवावेत, इतकेच काम. १९६६ मध्ये जॉन हेन्स यांनी ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीची दुरुस्ती-पुस्तिका काढली. गाडी प्रत्यक्ष सोडवून व पुन्हा जोडून छायाचित्रांसह लिहिलेल्या अशा पुस्तिकांनी सामान्य मालकाच्या हाती पाना दिला. नवा पॅड कोणत्या द्रव्याचा आहे, हे मात्र खोक्यावरून सहसा समजत नसे.

याच काळात चाकाजवळ साचणारी करडी धूळ फुंकर मारून किंवा दाबाच्या हवेने उडवून टाकण्याची सवय सर्वत्र होती. त्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असू शकत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८६ मध्ये यांत्रिकांसाठी सूचनापत्रक काढले. परंतु व्यावसायिक सुरक्षेचे कायदे नोकराला संरक्षण देतात, आणि रविवारी स्वतःच्या गाडीखाली शिरणारा मनुष्य कोणाचाच नोकर नसतो. २००७ च्या सुधारित पत्रकात घरगुती दुरुस्ती करणाऱ्यांनाही उद्देशून सूचना आल्या, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

१९८९ मध्ये त्याच संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसच्या बहुतेक वस्तूंवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. १९९१ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने तिचा बहुतांश भाग रद्द ठरविला. न्यायालयाच्या आक्षेपांपैकी एक थेट आपल्या विषयाचा आहे : अ‍ॅस्बेस्टॉस गृहीत धरून आखलेल्या जुन्या गाडीला दुसऱ्या द्रव्याचे पॅड बसविल्यास ती सुरक्षितपणे थांबेल काय, याचा संस्थेने पुरेसा विचार केला नव्हता. हा आक्षेप केवळ उद्योगांच्या सोयीचा म्हणून झटकून टाकणे योग्य नव्हे. पुढच्या व मागच्या चाकांचा तोल घर्षणावर अवलंबून असतो. तरीही परिणाम असा झाला, की युरोपीय संघाने २००५ पर्यंत पूर्ण बंदी अमलात आणली, तर अमेरिकेत सुट्या बाजारातील ब्रेकचा स्पष्ट समावेश असलेला क्रायसोटाइल-बंदीचा नियम जाहीर होण्यास २०२४ उजाडले.

मग मालकाने निवड कशावरून करावी? येथे दोन परंपरा दिसतात. युरोपात संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आयोगाचा ९० क्रमांकाचा नियम १९९२ मध्ये आला. पर्यायी पॅडची कार्यक्षमता मूळ पॅडच्या १५ टक्के मर्यादेत असली पाहिजे, ही त्याची मुख्य अट; मान्यता-क्रमांक पॅडवरच उमटविलेला असतो. अमेरिकेत नव्या गाडीच्या ब्रेकसाठी संघीय मानके आहेत, सुट्या पॅडच्या थांबविण्याच्या क्षमतेसाठी तसे मानक नाही. तेथे पॅडच्या कडेवर दोन अक्षरे असतात : पहिले थंड, दुसरे तप्त स्थितीतील घर्षणाचे. ‘ई’ म्हणजे घर्षणगुणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. परंतु ही चाचणी एक इंच लांबी-रुंदीच्या तुकड्यावर, तीही लहानशा ड्रमवर घेतली जाते. गाडी किती अंतरात थांबेल, हे त्या अक्षरांवरून सांगता येत नाही. युरोपीय चिन्ह मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण ते एकाच प्रश्नाचे उत्तर देते. आयुष्य व आवाज यांविषयी तेही मौन पाळते.

डिस्कची कथा याहून साधी आहे. ती बहुधा बीडाची असते, तिची किमान जाडी तिच्यावरच लिहिलेली असते, आणि त्याखाली गेल्यास जोडीने बदलावी लागते. ब्रेक दाबताना चाक थरथरले की ‘डिस्क वाकली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा जाडीतील सूक्ष्म असमानता, अथवा हबवरील गंज साफ न करता बसविलेली डिस्क कारणीभूत असते. म्हणजे महाग डिस्क निवडूनही दोष जाईलच असे नाही. ९० क्रमांकाच्या नियमात डिस्क बऱ्याच उशिरा आल्या. तिची सक्ती २०१६ पासून नव्याने मान्यता मिळणाऱ्या गाड्यांच्या प्रकारांना लागू झाली.

अ‍ॅस्बेस्टॉसच्या जागी आलेल्या मिश्रणांत उष्णता वाहून नेण्यासाठी तांबे वापरले जाऊ लागले. लँचेस्टरने आवाजामुळे गमावलेला धातू असा भुकटीच्या रूपाने परतला. पावसाच्या पाण्याबरोबर ती भुकटी कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात आणि वॉशिंग्टन राज्यातील सामन माशांच्या ओढ्यांत पोहोचली. २०१० मध्ये दोन्ही राज्यांनी कायदे केले : कॅलिफोर्नियात २०२१ पासून तांब्याचे प्रमाण ५ टक्क्यांवर, २०२५ पासून अर्ध्या टक्क्यावर. पॅडच्या कडेवर घर्षणाच्या दोन अक्षरांशेजारी आता ‘ए’, ‘बी’ किंवा ‘एन’ हे आणखी एक अक्षर असते. ‘एन’ असल्यास तांबे अर्ध्या टक्क्याहून अधिक नाही, एवढे मालकाला खोके उघडताच कळते.