अक्षर दिसते, पण ऐकू येते का?

ज्ञानबंदीचा इतिहास आपल्याला पाठ आहे. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेले शिसे-लाख ओतण्याची शिक्षा गौतम धर्मसूत्रात आहे. म्हणजे बंदी वाचण्यावरच नव्हती, ऐकण्यावरही होती. त्या व्यवस्थेविरुद्ध जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. प्रौढ माणूस शिकतो. शाळेने त्याच्या सोयीने चालले पाहिजे, हा त्या शाळेचा धडा.

आजची रात्रशाळा म्हणजे संगणक. २००१ पासून एमएस-सीआयटी तालुक्या-तालुक्यांत पोचली. पण मोठेपणी दृष्टी गेलेल्या कामगाराचे काय? या वयात ब्रेल बोटांत बसवणे अवघड जाते. त्याला हवा बोलणारा संगणक, म्हणजे स्क्रीन रीडर. ‘जॉज’ हे त्यातले जुने सॉफ्टवेअर, पण महागडे. २००६ मध्ये मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ सुरू केले, पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला, आणि दोघांनी ते मोफत ठेवले. ते पेनड्राइव्हवरूनही चालते, मराठीही वाचते. माउस लागत नाही. एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे बोटांना जागा सांगतात. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे. दाबलेले अक्षर कानावर पडते.

मग अडते कुठे? फॉन्टमध्ये.

देवनागरीला युनिकोडमध्ये जागा १९९१ मध्येच मिळाली. तरी आपली छपाई वर्षानुवर्षे कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये चालली. या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘भीमराव’ दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. स्क्रीन रीडर तीच बडबडतो. पान स्कॅन करून केलेली पीडीएफ तर त्याच्यासाठी नुसते चित्र. तिथे तो गप्पच बसतो.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ४२ मजकूर सुगम स्वरूपात देण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. दृष्टिहीनांसाठी पुस्तकांची सुगम प्रत करू देणारा माराकेश करार मान्य करणारा पहिला देश भारतच, २०१४ मध्ये.

सरकारला जाब विचारूच. पण आधी आपले घर तपासू. शिक्रापूरहून कोरेगाव भीमा हाकेच्या अंतरावर. १ जानेवारीला तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात, नंतर पीडीएफ मोबाइलवर फिरतात. त्यातल्या किती ऐकता येतात? ‘शिका’ हा आदेश डोळस माणसांपुरता नव्हता. आपलीच पुस्तिका आपल्याच अंध बांधवाला बंद असेल, तर ती ज्ञानबंदीच. मनुस्मृतीचे नाव घेऊन ती झाकता येणार नाही.

म्हणून आम्ही शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगावच्या तरुणांना सांगतो: नवा मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुना मजकूर कन्व्हर्टरने बदला आणि डोळ्यांखालून घाला. स्कॅन केलेल्या पानांचे ओसीआर करा, चुका दुरुस्त करा. विहारातल्या संगणकावर एनव्हीडीए टाका, हेडफोन ठेवा. आणि पत्रक वाटण्याआधी एकदा डोळे मिटून ऐका.

जय भीम!