चॅनेल पॅक संपतोय की फक्त जागा बदलतोय?

डीटीएचचं रिचार्ज, घरचं वायफाय, मोबाइलचा डेटा आणि वर एक-दोन ओटीटी ॲप्स. अनेक घरांत करमणुकीचा खर्च आता असा तीन-चार ठिकाणी विभागला गेला आहे. म्हणून बरेच जण आधी डीटीएच बंद करतात. पण त्यामुळे 'पॅक'पासून खरंच सुटका होते का?

चॅनेल पॅक म्हणजे काय?

टीव्ही कंपन्या आपली चॅनेल्स एकत्र बांधून विकतात. त्याला 'बुके' किंवा पॅक म्हणतात. त्यातली एक-दोन चॅनेल्स आपल्याला हवी असतात. कुणाला मराठी मालिका, कुणाला क्रिकेट. बाकीची त्यांच्यासोबत येतात. कंपनीला याचा दुहेरी फायदा होतो: ग्राहकाकडून पैसे मिळतात आणि कमी पाहिलं जाणारं चॅनेलही लाखो घरांत पोहोचल्याने त्यावर जाहिराती मिळवता येतात.

ट्रायने काय केलं?

फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दरपद्धत लागू झाली. प्रत्येक पे चॅनेलची किंमत जाहीर करणं आणि ते सुटं विकणं बंधनकारक झालं. १०० चॅनेल्ससाठी नेटवर्क शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये, म्हणजे जीएसटी धरून सुमारे १५३ रुपये ठरलं. पे चॅनेलचे पैसे वेगळे.

तरीही लोक पॅककडेच वळले, कारण पॅकवर इतकी सूट असायची की सुटी चॅनेल्स महाग पडत. त्यामुळे २०२२ मध्ये ट्रायने पॅकवरची सूट ४५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केली. म्हणजे सुट्या किमतींची बेरीज १०० रुपये असेल, तर टीव्ही कंपनीला तो पॅक ५५ रुपयांच्या खाली विकता येत नाही. २०२४ मध्ये नेटवर्क शुल्कावरची कमाल मर्यादा मात्र काढून टाकण्यात आली.

स्ट्रीमिंगने काय बदललं?

२०१६ मध्ये जिओ आलं आणि मोबाइल डेटा स्वस्त झाला. टीव्ही कंपन्यांनी आपल्याच मालिका आपल्याच ॲपवर टाकायला सुरुवात केली. मग आलं क्रिकेट. २०२३ ते २०२७ या काळातल्या आयपीएलचे भारतीय उपखंडातले टीव्ही हक्क २३,५७५ कोटी रुपयांना गेले, तर डिजिटल हक्कांच्या दोन पॅकेजेसना मिळून २३,७५८ कोटी मिळाले. २०२३ चा हंगाम जिओसिनेमाने मोफत दाखवला. ज्या क्रिकेटसाठी लोक पॅक घेत, तेच पॅकबाहेर फुकट मिळू लागलं.

ट्रायच्या आकडेवारीनुसार पे डीटीएचचे सक्रिय ग्राहक मार्च २०२१ अखेर सुमारे ६.९५ कोटी होते. मार्च २०२४ अखेर ते सुमारे ६.२ कोटींवर आले. हे सगळेच ओटीटीकडे गेले असं नाही. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशला मासिक शुल्क नसल्याने काही घरं तिकडेही वळली.

मग पॅक पुन्हा कुठून आला?

फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र येऊन जिओहॉटस्टार झालं. संपूर्ण आयपीएल सगळ्यांना फुकट, हा प्रकार संपला. सुरुवातीला तीन महिन्यांचा सर्वांत स्वस्त प्लॅन १४९ रुपयांचा होता. त्याआधीच, जानेवारी २०२२ मध्ये, टाटा स्कायचं नाव टाटा प्ले झालं होतं आणि चॅनेल्ससोबत ओटीटी ॲप्सचे एकत्रित पॅकही विकले जाऊ लागले होते. आज मोबाइल रिचार्ज आणि ब्रॉडबँड प्लॅनमध्येही ॲप्स जोडून येतात. अनेक गावांत केबलवालाच आता इंटरनेट देतो. पॅक तोच, बांधणारे बदलले.

ग्राहकासाठी फरक कुठे पडतो?

टीव्ही चॅनेल सुटं घेण्याचा हक्क आपल्याला आहे. ओटीटीला ट्रायचे हे दरनियम लागू नाहीत. ॲपची किंमत कंपनी ठरवते. एखादीच मालिका हवी असली, तरी बहुतेक वेळा अख्ख्या ॲपचे पैसे भरावे लागतात. दुसरीकडे, हवं तेव्हा पाहता येतं आणि मुदत संपली की नूतनीकरण न करण्याची मोकळीक असते. फक्त ऑटोपे चालू राहिलं, तर न पाहिलेल्या ॲपचेही पैसे कापले जातात.

डीटीएच बंद करण्याआधी काय पाहाल?

• घरात खरोखर कोणती चॅनेल्स पाहिली जातात? तीन-चारच असतील, तर त्यांची सुटी किंमत आणि पॅकची किंमत ताडून पाहा.
• तुमच्या मोबाइल किंवा वायफाय प्लॅनमध्ये एखादं ॲप आधीच आहे का? त्याच ॲपचे वेगळे पैसे भरत नाही ना?
• त्यातला प्लॅन फक्त मोबाइलपुरता आहे की टीव्हीवरही चालतो?
• घरातल्या ज्येष्ठांना रिमोटवर नंबर दाबून चॅनेल लावायची सवय असेल, तर त्यांना ॲप वापरणं जमेल का, हे आधी त्यांनाच विचारा.