सीताफळाची बी

दसऱ्याच्या सुमारास धारूर-अंबाजोगाईकडे एसटीनं गेलात तर बालाघाटाच्या उतारावर सीताफळंच सीताफळं दिसतात. बीडच्या या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. फळाचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत, मला लिहायचंय ते आपण थुंकून टाकतो त्या बीबद्दल.

बी वाटून डोक्याला लावली की उवा मरतात, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. डोळ्यात मात्र जाऊ द्यायची नाही, बुबुळाला इजा होते. बी मारते हे माहीत होतं, कशी मारते ते नव्हतं.

ते कळायला आधी मरण नीट पाहावं लागलं. 1972 साली केर, वायली आणि करी यांनी एका शोधनिबंधात दाखवलं की पेशी दोन तऱ्हांनी मरते. एक अपघाती, फुगून फुटते आणि आजूबाजूला दाह करते. दुसरी शिस्तीत मरते. आक्रसते, तिचे पडद्यात गुंडाळलेले तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गुपचूप गिळून टाकतात. अ‍ॅबर्डीनच्या एका ग्रीकच्या प्राध्यापकांनी याला नाव सुचवलं अ‍ॅपॉप्टॉसिस, म्हणजे पान गळणं. (पानगळ म्हटलं असतं तरी चाललं असतं!) कर्करोगाच्या पेशी हे मरण टाळतात, म्हणून त्यांना ते पुन्हा भाग पाडणारं काही मिळतं का, हा शोध सुरू झाला.

बीड 1956 पर्यंत ज्या राज्यात होतं, त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, 2004-05 मध्ये सीताफळाच्या बियांच्या अर्कावर असे प्रयोग झाले. बशीत वाढवलेल्या स्तनाच्या आणि रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी शिस्तीत मेल्या. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी मात्र तशा मेल्या नाहीत.

हे सगळं मी मुळात वाचलं ते एका काकूंमुळे. स्तनात गाठ निघाली, आणि ऑपरेशनऐवजी त्यांनी बियांची पूड बरणीत भरून ठेवलेली. मोबाईलवर कुणीतरी पाठवलं होतं. "मग ते छापलंय ते खोटं का?" खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत! या बीतली अ‍ॅसिटोजेनिन नावाची द्रव्यं पेशीचं ऊर्जाघर बंद पाडतात, आणि ऊर्जाघर चांगल्या पेशीलाही असतं. बशीत यकृत नसतं, मेंदू नसतो. दोन तास बोललो. काकांनी मध्येच चहा केला.

ऑपरेशन झालं, केमो चालू आहे. बरणी मात्र काकूंनी टाकू दिली नाही. नातीच्या उवांना होईल म्हणाल्या.