लाडी क्वाली : उघड्या जाळापासून १३०० अंशांच्या भट्टीपर्यंत

नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेच्या मागील बाजूस घडा घडवणारी एक स्त्री चितारलेली आहे. त्या लाडी क्वाली. हा थ्रेड त्यांच्या घड्यांविषयी आणि त्या घड्यांना लागलेल्या दोन वेगळ्या आचांविषयी.

जन्म १९२५ च्या सुमारास, क्वाली गावी, ग्वारी समाजात. येथे मडकी घडवणे हे स्त्रियांचे काम. आपल्याकडे चाक फिरते आणि कुंभार बसून असतो. ग्वारी पद्धतीत घडा जागेवर राहतो आणि घडवणारी त्याच्याभोवती फिरते. मातीच्या वळ्या एकावर एक चढवायच्या, लाकडी फळीने थोपटून अंग सारखे करायचे, मग ओल्या मातीवर विंचू, सरडे, साप, मगरी कोरायच्या.

भट्टी नव्हतीच. वाळलेले गवत आणि लाकूड रचून उघड्यावरच भाजणी होई. अशा जाळाचा ताप हजार अंशांच्या आतच राहतो, त्यामुळे माती सच्छिद्र राहते, पाणी झिरपते आणि आपल्या माठाप्रमाणेच गार होते.

१९५० मध्ये ब्रिटिश कुंभार मायकेल कार्ड्यू यांनी अबुजाच्या अमीराच्या वाड्यात लाडींचे घडे पाहिले. (हे जुने अबुजा, म्हणजे आजचे सुलेजा. राजधानीने ते नाव पुढे घेतले.) कार्ड्यू हे बर्नार्ड लीच यांचे शिष्य आणि वसाहत सरकारचे कुंभारकाम अधिकारी. १९५२ मध्ये त्यांनी अबुजात प्रशिक्षण केंद्र उघडले. गंमत अशी, की ज्या समाजात ही विद्या स्त्रियांच्या हाती होती, तेथील केंद्रात शिकणारे सगळे पुरुष! १९५४ मध्ये लाडी तेथे आल्या. त्या पहिल्या स्त्री.

त्या चाकही शिकल्या. तरी त्यांची खरी ओळख ठरले ते वळ्यांचेच घडे. घाट तोच, विंचूही तोच. बदलले ते पुढचे सारे. आता माती स्टोनवेअरची. कोरलेल्या रेषांत पांढऱ्या मातीचा लेप भरला जाई, वर काचेसारखी झिलई चढे आणि लाकडाच्या भट्टीत सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजणी होई. एवढ्या तापात माती घट्ट होते, पाणी झिरपत नाही. म्हणजे घडा अधिक टिकाऊ झाला, पण पाणी गार करण्याचे आपले मूळ काम विसरला. क्वालीच्या घरातून तो संग्राहकांच्या कपाटात गेला. हा व्यवहार निव्वळ लाभाचा होता असे म्हणवत नाही.

श्रेयाचा प्रश्नही उरतोच. झिलई आणि भट्टी कार्ड्यूंची, हे खरे. परंतु ज्यामुळे लंडनच्या बर्कली गॅलरीत लोक थबकत, तो घाट आणि ते कोरीवकाम केंद्रात यायच्या आधीपासून लाडींच्या हातात होते. ‘कार्ड्यूंनी घडवलेली कुंभारीण’ हे वर्णन म्हणूनच फसवे आहे.

१९६२ मध्ये त्यांना ब्रिटिश सरकारचा एमबीई सन्मान मिळाला, तर १९७७ मध्ये अहमदू बेल्लो विद्यापीठाची मानद डॉक्टरेट. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले. १९५४ पर्यंत ज्या केंद्रात एकही स्त्री नव्हती, त्याला पुढे लाडी क्वाली यांचेच नाव देण्यात आले.