पाचवे शील

७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या स्मशानभूमीत, बाबासाहेबांच्या अंत्यसंस्कारावेळी, भदन्त आनंद कौसल्यायन यांनी लाखभर माणसांना धम्मदीक्षा दिली. त्या गर्दीत माझा बाप होता. गिरणीत साच्यावर उभा राहणारा आणि पगाराच्या दिवशी भट्टीवरून घरी येणारा. पंचशील घेऊन तो परतला आणि त्याने पुन्हा दारूला हात लावला नाही.

आमच्या दारूची गोष्ट निव्वळ नीतीची म्हणून सांगणाऱ्यांना इतिहास ठाऊक नसतो. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू सरकारच्या तिजोरीला बांधली गेली. १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा आला, पण हातभट्टी वस्तीतून उठली नाही. अपमान आणि उपास पचवायला ती हाताशीच होती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मी त्यांतलाच एक बदली कामगार. काम गेले, ते गेलेच. मी पिऊ लागलो. आईचा तांब्याचा हंडा मी विकला. बापाचे शील मी त्याच्याच घरात मोडले.

बापाने मारले नाही. वर्षावासात तो मला विहारात घेऊन गेला. आषाढी ते आश्विनी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जाई. तिथे एका म्हाताऱ्या उपासकाने मला समजावले, “पोरा, शील म्हणजे देवाची आज्ञा नव्हे. पालीत त्याला सिक्खापद म्हणतात. शिकायचा धडा. चुकला तर उद्या परत गिरवायचा.”

मी तीनदा चुकलो. तीनही वेळा वस्तीतल्या बाया भट्टीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी शिव्या दिल्या, घरी आणले, आणि संध्याकाळी विहारात माझी जागा रिकामी ठेवली. कोणी मला पापी म्हटले नाही, आणि कोणी मोकळेही सोडले नाही. आकाशातून कृपा झाली नाही. माणसांनी माणूस धरून ठेवला.

म्हणून कार्यकर्त्यांना एवढेच विचारतो. जयंतीच्या मिरवणुकीत आपलीच पोरे पिऊन नाचतात, तेव्हा आपण मान फिरवतो किंवा व्याख्यान देतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात कोण जातो? बापाच्या पिढीने शील एका दिवसात घेतले हे खरे. ते टिकले मात्र रोजच्या विहाराने आणि शेजाऱ्याच्या नजरेने. तो विहार आता संध्याकाळी उघडा असतो का, हे आधी पाहू या.